पत्र येतं का?

वडिलांचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी काका सातबारा घेऊन ओट्यावर बसले. मार्च २०२२. पारोळ्याजवळ आमचं कापसाचं शेत आहे. त्याच्या उताऱ्यावर तीन नावं: वडील, काका आणि नाना. वडिलांच्या जागी आमची नावं लागायला अडचण नव्हती. अडचण नानांची होती. नाना म्हणजे आमच्या आबांचे, आजोबांचे, धाकटे भाऊ. ते १९४१ साली सिंगापूरला गेले. तेव्हापासून ते उताऱ्यावर आहेत, घरात नाहीत.

पणजोबा १९५३ साली वारले तेव्हा तलाठ्याने आबांचं एकट्याचं नाव लावायचं ठरवलं होतं म्हणे. मोठमाय, म्हणजे पणजी, अडून बसली. दोन्ही मुलांची नावं लागली पाहिजेत. का, तर "तो मरी नही गया. तो पकडाई गया." १९७१ साली ती गेली तोवर हेच म्हणत होती.

या वेळी तलाठी भाऊसाहेबांनी सरळ सांगितलं, मृत्यूचा दाखला आणा, नाहीतर कोर्टाचा हुकूम. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण दाखला कुठून आणायचा? माणूस कुठे मेला, कधी मेला, मेला की नाही, हेच घरात ऐंशी वर्षं ठरलेलं नव्हतं. काका म्हणाले, तू शाळेच्या ऑफिसात आहेस, तुला कागदांची सवय आहे, तूच बघ. असं ते माझ्या गळ्यात पडलं. तीन वर्षं लागली. युद्धात हरवलेल्या माणसाचा असाच प्रश्न खानदेशात आणखी काही घरांत असणार, म्हणून हे लिहून ठेवते.

आधी घरात काय माहीत होतं ते सांगते. नाना सातवीची फायनल पास होते, सुतारकाम जाणणारे. १९४० साली खडकीला सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलात, भरती झाले. शेवटचं कार्ड जानेवारी १९४२ चं, सिंगापूरहून: तब्येत ठीक आहे, आईच्या गुडघ्याला तेल लावत जा. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं. त्यानंतर अक्षर नाही. मग १९४३ च्या पावसाळ्यात साध्या कपड्यातले दोन पोलीस घरी आले. नानांचा फोटो मागितला, बरंच काही विचारलं आणि गेले. बाहेर कुजबुज झाली की पोरगा जपान्यांचा हेर झाला, पाणबुडीतून आला आणि सापडला. घराने ते धरून ठेवलं. पोलीस आले, म्हणजे पकडला असणार.

पुढे त्याला फांद्या फुटल्या. कोणी म्हणे मद्रासला फाशी झाली. कोणी म्हणे पाणबुडीच बुडाली. आमच्या एका मामांनी तर त्यांना सारंगखेड्याच्या यात्रेत दाढी वाढवलेले पाहिले होते, घोडा विकत घेताना. घोडा कशाला, हे मामांना कोणी विचारलं नाही.

मे महिन्यात मी मोठमायची पेटी उघडली. कार्ड होतं आणि चार मनीऑर्डरच्या पावत्या होत्या. एका पावतीच्या मागे नानांचा लष्करी नंबर होता. त्या दिवशी मला त्याची किंमत कळली नाही. आता सांगते, असलं काम करणाऱ्याने सगळ्यात आधी नंबर शोधावा. नाव नको, नंबर. आपल्याकडचं नाव इंग्रज कारकुनाने चार प्रकारे लिहिलेलं असतं. आडनाव बहुतेक वेळा नसतंच, नुसतं स्वतःचं आणि बापाचं.

जूनमध्ये जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेले. तिथल्या एका निवृत्त सुभेदारांनी पत्राचा मसुदा सांगितला: नंबर, नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, भरतीचं साल आणि शेवटी आपलं नातं. हे पत्र, तेव्हा रजिस्टर पोस्टाने, संबंधित रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे त्या दलाचे कागद ठेवणाऱ्या लष्करी कचेरीला, पाठवायचं होतं. मी पहिल्या पत्रात नंबर लिहायलाच विसरले. साडेतीन महिन्यांनी उत्तर आलं, या नावाचे अनेक आहेत, अधिक माहिती पाठवा. माझीच चूक. नंबर घालून पुन्हा पाठवलं. नोव्हेंबरमध्ये एका पानाचं उत्तर आलं. लाँग रोलमध्ये, म्हणजे त्या दलातल्या शिपायांच्या जुन्या रजिस्टरात, नोंद सापडली होती: बेपत्ता, सिंगापूर, १५ फेब्रुवारी १९४२. पुढचे रकाने कोरे.

ते पान घेऊन मी बराच वेळ डेपोच्या बाकावर बसून राहिले. ऐंशी वर्षांत नानांबद्दल सरकारने आमच्या घराला लिहिलेलं हे पहिलं पत्र होतं.

मधल्या काळात फुकट होण्यासारखी कामं उरकली. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर युद्धात मेलेल्या सैनिकांची नावं शोधता येतात, नंबरनेही. सिंगापूरच्या क्रांजी इथल्या स्मारकावर, ज्यांची कबर वा रक्षा सापडली नाही अशा चोवीस हजारांहून जास्त जणांची नावं कोरली आहेत. नाना त्यांत नाहीत. जिनिव्हाच्या रेडक्रॉसकडेही अर्ज केला. तिथे ठरावीक काळच अर्ज घेतात आणि कोटा भरला की दार बंद, त्यामुळे तारखेवर लक्ष ठेवावं लागतं. नऊ महिन्यांनी उत्तर आलं: नोंद नाही. त्याचं फार वाईट वाटून घेतलं नाही. युद्धकैद्यांबद्दलच्या १९२९ च्या जिनिव्हा करारावर जपानने सही केली होती, पण तो मंजूर केलेला नव्हता. जपान्यांच्या हातात पडलेल्या हिंदी शिपायांची यादी तिथे पूर्ण असेल अशी आशाच करू नये.

मग वाचायला लागले. सिंगापूर पडल्यावर दोन दिवसांनी, १७ फेब्रुवारीला, फेरर पार्कच्या मैदानावर हिंदी सैनिकांना जपान्यांच्या स्वाधीन केलं गेलं, आणि कॅप्टन मोहनसिंगांनी त्यांना आझाद हिंद सेनेत यायचं आवाहन केलं. मलायातल्या पेनांग बेटावर स्वराज इन्स्टिट्यूट नावाची संस्था होती. तिथे तरुणांना हेरगिरीचं शिक्षण देऊन हिंदुस्थानात पाठवायची तयारी चाले. सप्टेंबर १९४२ च्या अखेरीस एक तुकडी पाणबुडीतून मलबारच्या किनाऱ्यावर तानूरजवळ उतरली, दुसरी काठेवाडच्या किनाऱ्यावर, काही जण ब्रह्मदेशातून पायी आले. जवळजवळ सगळे पकडले गेले. त्याच महिन्यात, ९ तारखेला, इकडे नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गोळीबारात पडले होते. ते शाळेत शिकवलं गेलं म्हणून मला माहीत होतं. तानूर मी चाळिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा ऐकलं.

पकडलेल्यांचे खटले १९४३ च्या शत्रुहस्तक वटहुकुमाखाली बंद दाराआड चालले. १० सप्टेंबर १९४३ ला मद्रासच्या तुरुंगात चौघांना फाशी दिलं: वक्कम अब्दुल खादर, आनंदन, सत्येंद्रचंद्र बर्धन, फौजासिंग. खादर यांनी वडिलांना लिहिलेलं शेवटचं पत्र आजही वाचायला मिळतं. ते वाचून मी रडले हे खरं. आणि त्या चौघांत नाना नाहीत म्हणून मला हायसं वाटलं, हेही खरं. दुसऱ्यांची पोरं फासावर गेली त्याचं हायसं वाटणं बरं नव्हे, पण वाटलं.

म्हणजे मद्रासची फाशी खोडली गेली. दिल्लीला जाणं मात्र भाग होतं. संरक्षण मंत्रालयाने १९९७ मध्ये आझाद हिंद सेनेसंबंधीच्या ९९० फायली राष्ट्रीय अभिलेखागाराकडे दिल्या आहेत. आधी मी घरबसल्या माहिती अधिकारात अर्ज टाकून पाहिला, दहा रुपये फी. कलम ६(३) खाली तो एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेला आणि महिन्याभराने उत्तर आलं की जुने कागद अभिलेखागारात आहेत, तिथे पाहावेत. यावरून एक सांगते. हेरगिरीचा विषय म्हटला की गोपनीय म्हणून नकार येईल अशी भीती असते. अर्जात कलम ८(३) चा उल्लेख करावा. वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती, मोजके अपवाद सोडले तर, द्यावी लागते.

जानेवारी २०२३ मध्ये भुसावळहून कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली. पहाडगंजमध्ये नऊशे रुपये रोजाची खोली, खिडकी भिंतीकडे उघडणारी. बाईमाणूस एकटी आणि एवढ्या थंडीत, म्हणून घरच्यांचे दिवसातून तीन फोन. पाच दिवस जनपथवरच्या वाचन कक्षात बसले. जाताना आधार कार्ड, त्याच्या प्रती, दोन फोटो आणि शाळेचं पत्र नेलं होतं. 'अभिलेख पटल' या त्यांच्या संकेतस्थळावर फायलींची यादी घरीच बघून, क्रमांक वहीत उतरवून न्यावेत. मी ते केलं होतं म्हणून पहिला दिवस वाया गेला नाही. मागणीची चिठ्ठी भरायची आणि वाट पाहायची. काही चिठ्ठ्या 'एन.टी.' असा शेरा घेऊन परत येतात. म्हणजे ती फाइल मूळ खात्याकडून अभिलेखागारात आलेलीच नाही. पहिल्यांदा मी तो 'नो ट्रेस' समजले आणि शेजारच्या संशोधक मुलीने हसून सांगितलं, नॉट ट्रान्सफर्ड.

पाच दिवसांत सतरा फायली. बहुतेक पानांवर माझ्या कामाचं काही नव्हतं. लाल किल्ल्यातल्या चौकशी केंद्राचे अहवाल, बंगालमधल्या जिगरगाछा आणि नीलगंजच्या छावण्यांचे आकडे, परत आलेल्या कैद्यांची, इंग्रज सरकारशी निष्ठा पाहून, पांढरे, करडे, काळे अशी वर्गवारी. माणसं म्हणजे कापसाची प्रत असावी तशी.

चौथ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीनंतर, पकडलेल्या एका माणसाच्या जबाबाला जोडलेली यादी हाती आली. सोबत शिकणाऱ्यांची नावं त्याने सांगितली होती. टंकलिखित, कार्बनची फिकी प्रत. त्यात नानांचं नाव आणि बापाचं नाव. पुढे 'ई. के.' ही अक्षरं. मी दोन दिवस अशीच 'ई. के.' असलेली पानं कोणाच्या तरी सह्या समजून उलटत होते! ईस्ट खानदेश. तेव्हा जळगाव जिल्ह्याचं नाव पूर्व खानदेश होतं आणि धुळ्याचं पश्चिम. शिवाय पारोळा जुन्या व्यवस्थेत अमळनेर तालुक्याचा पेठा, म्हणजे पोटतालुका. त्यामुळे 'पारोळा तालुका' शोधत बसलात तर काही सापडत नाही, अमळनेर शोधावं.

नावाच्या बाजूला कोणीतरी शाईने लष्करी नंबर लिहिला होता. पावतीवरच्या नंबराशी ताडून पाहिला. एक सोडून सगळे आकडे जुळले. शेवटून दुसरा आकडा आमच्या पावतीवर तीन आहे. इथे तो आठ असावा, किंवा शाई फुटलेला तीन. भिंग मागून घेतलं, तरी नक्की होईना. त्याखाली त्याच शाईत दोनच शब्द: 'होम एन्क्वायरीज', म्हणजे घरी चौकशी.

पानाच्या प्रतीसाठी अर्ज केला, पैसे भरले आणि संध्याकाळी जनपथवर चहा घेत उभी राहिले. काहीतरी खटकत होतं, पण काय ते कळत नव्हतं. ते गाडीत, इटारसीच्या आसपास, पहाटे कळलं.

घरी न जाता मी थेट फुईकडे अमळनेरला गेले. फुई म्हणजे नानांची आणि आबांची सगळ्यात धाकटी बहीण, जन्म १९३१ चा. सगळं घर तिला फुईच म्हणतं. पोलीस आले तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि मोठमायच्या लुगड्याआडून बघत होती. पोलीस आले होते हे तिने आम्हाला पन्नास वेळा सांगितलं असेल. पण त्यांनी नेमकं काय विचारलं, हे तिला आमच्यापैकी कोणीही विचारलं नव्हतं.

फुई पटकन म्हणाली, जणू परवाच घडलं होतं, "तेस्नी इचारं, पत्र येस का? कोनी निरोप लयी येस का? रातले कोनी येस का?"

नाना त्यांच्या कोठडीत असते तर, पत्र येतं का, रात्री कोणी येतं का, हे कशाला विचारलं असतं? पकडला गेला होता तो दुसराच कोणी. त्याने नाव सांगितलं, नावावरून नंबर काढला, नंबरावरून घर शोधलं, आणि नाना कुठे आहेत हे पोलिसांनाच माहीत नव्हतं म्हणून ते आले. ऐंशी वर्षं आमचं घर ज्याला पकडल्याचा पुरावा समजत होतं, तो निदान त्या दिवसापर्यंत न पकडल्याचा पुरावा होता.

अर्थात तो आकडा तीनच असेल तर. आणि पुढे काय झालं, हे यातून कळत नाहीच. पेनांगहून पुढे हिकारी किकानने, म्हणजे आझाद हिंद सेनेशी संपर्क ठेवणाऱ्या जपानी कचेरीने, पाठवलं असेल, ब्रह्मदेशात मेले असतील, नंतर सापडलेही असतील. मी फुईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हन्जे पळी गया." तिला त्यात अभिमान वाटला. मी विषय वाढवला नाही.

इंडिया ऑफिसच्या, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या इंग्रज खात्याच्या, लंडनमधल्या कागदांसाठी ईमेल केले. पण त्यांच्या पानागणिक प्रतींचा खर्च आणि नेमकी फाइल माहीत नसणं, यामुळे मी तिथे थांबले. ज्याला जमेल त्याने जरूर करावं.

कोर्टासाठी नानांचा जन्म आणि नातं कागदावर दाखवायचं होतं. गाव नमुना चौदाची जन्म-मृत्यूची जुनी रजिस्टरं तहसील कचेरीत असतात, आणि ती मोडीत. २०२३ च्या शेवटी कुणबी नोंदींची शोधमोहीम चालू झाल्यावर ती रजिस्टरं फडताळातून बाहेर निघाली, झटकली गेली, काही स्कॅनही झाली. माझं नशीब. धुळ्याचे एक निवृत्त गुरुजी मोडी वाचतात. त्यांनी पानाला दोनशे रुपये घेऊन बाळबोधीत उतरवून सही करून दिली. १९१९, श्रावण, मुलगा.

वकिलांनी सांगितलं, भारतीय पुरावा कायद्याचं कलम १०८. ज्यांना स्वाभाविकपणे माणसाची खबर लागली असती, अशांना सात वर्षं ती लागली नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. सरकार प्रतिवादी असल्याने आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस आणि दोन महिने थांबणं. नोटीस नोव्हेंबर २०२३ मध्ये, दावा फेब्रुवारी २०२४ मध्ये. जुलैपासून नवा साक्ष अधिनियम लागू झाला, पण आमचा दावा आधीचा म्हणून जुनंच कलम चाललं. नव्यात तेच कलम १११ झालं आहे. वकिलांची फी पंचवीस हजार, वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीचे बत्तीसशे, मग वंशावळ, नकला, तिकिटं. दिल्ली धरून तीन वर्षांत एकसष्ट हजारांच्या आसपास गेले. काकांनी निम्मे दिले.

फुईची साक्ष कोर्टात नेऊन घेणं शक्य नव्हतं. अर्ज केल्यावर कोर्ट कमिशनर घरी आले, ऑगस्टमध्ये, भर पावसात. वृद्ध साक्षीदार असेल तर हे मागता येतं, मागायला लाजू नये. आमच्या वकिलांनी फुईला विचारलं, तुमचे भाऊ हयात नाहीत असं तुम्हाला वाटतं ना? फुई म्हणाली, नाही. खोलीत शांतता. वकिलांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच शिकवून ठेवलं होतं. सरकारी वकील बिचारे भले होते, त्यांनी चष्मा पुसला. मग आमच्या वकिलांनी घसा साफ करून प्रश्न बदलला. "१९४२ नंतर तुमच्या भावाचं पत्र आलं?"

फुईने पाठीला टेकलेली उशी सरळ केली. "नही," ती म्हणाली. "कधीच नही."

तेवढं पुरलं. निकाल १७ डिसेंबर २०२४ ला लागला. दावा दाखल केला त्या दिवशी नाना हयात नव्हते असं गृहीत धरलं आहे. मृत्यूची तारीख निकालात नाही. कायदा माणूस मेल्याचं गृहीत धरतो, कधी मेला ते धरत नाही. तारखेवर ज्यांचा हक्क अवलंबून असेल त्यांनी हे वकिलांना पहिल्याच भेटीत विचारावं. आमचं काम त्यावाचून भागलं. नाना अविवाहित होते, वारस आम्हीच. हुकमाची नक्कल जोडून फेरफाराचा अर्ज दिला, हरकतीची पंधरा दिवसांची नोटीस लागली, हरकत कोणाचीच नव्हती. एप्रिल २०२५ मध्ये मंडळ अधिकाऱ्यांची सही झाली आणि नाना उताऱ्यावरून उतरले.

त्या वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ३० एप्रिलला होती. फुई माहेरी आली होती. काकांनी कुंभाराकडून गेलेल्यांच्या नावाने भरायच्या दोन घागरी आणल्या, एक वडिलांची आणि दुसरी, इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच, नानांची. डांगर, आमरस, सांजोऱ्या, सगळं मांडून झालं होतं. फुईने दुसरी घागर बघितली आणि कोर्टाचा कागद वाचून दाखवायला सांगितला. मी वाचला. तिने पुन्हा वाचायला लावला.

"कोर्टलेबी तारीख माहीत नही," ती म्हणाली. "मंग घागर कसाले?"

काकांनी घागर उचलून पाणी प्यायला ओट्यावर ठेवली. सगळा उन्हाळा आम्ही तिचंच पाणी प्यायलो.